बेरीज

चिकलठाण्याची धावपट्टी समोर, एप्रिलची दुपार.
कॅप्टन मुळजकरांच्या खिडकीत
दौलताबादचा किल्ला मागे सरकत चाललेला.
उतरवणं माझ्याकडे.
माझी दांडी उजव्या भिंतीशी, त्यांची डाव्या,
मध्ये एवढे दिवे, एवढे आकडे,
पण या दांडीची खबर त्या दांडीला नाही.

तापल्या माळावरून वारा उसळला.
मी नाक किंचित खाली दाबलं.
विमानानं ऐकलं नाही.
पुन्हा दाबलं, जरा जास्त,
तेव्हा वरून तो कोरडा आवाज आला,
ड्युअल इनपुट.
म्हणजे त्यांचाही हात चालू होता, न बोलता.
मी पुढं, ते मागं.
यंत्र बिचारं प्रामाणिक,
त्यानं दोघांची बेरीज केली
आणि शेपटाला शून्य कळवलं.
माझ्या तळव्याला यातलं काहीच नाही.
दांडी तशीच हलकी, परक्यासारखी.

परभणीत गफार मामूंच्या मारुतीला
ब्रेक दोन होते, तार एक.
विद्यापीठाच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली की
माझ्या चपलेखालचा ब्रेक आपोआप खाली जायचा,
जमिनीनंच ओढल्यासारखा.
शेजारी मामू सुपारी कातरत, बाहेर बघत.
पण पायाला पाय कळायचा,
किती घाबरलेत, किती चिडलेत,
की नुसतंच, मी आहे.
मग ब्रेक वर यायचा.
"छोड्या मैं. अब तेरी गाडी."

उतरलो नीट. लोकांनी बॅगा काढल्या.
सही करता करता मुळजकर म्हणाले,
"मी जरासा हात लावला होता. सांगायला पाहिजे होतं."
चांगला माणूस. बावीस वर्षं उडवतोय.
नियमही तेच सांगतो, तोंडानं बोला.
तारेचं काम जिभेवर टाकलंय.

सुट्टीत परभणीला गेले.
मारुती विकली. ड्रायव्हिंग स्कूलची पाटी
आता खुराड्यावर छप्पर आहे.
साखरेनं मामूंचे पाय बधिर झालेत,
चप्पल मागे राहते, ते पुढे जातात.
ओट्यावर शेजारी बसून
त्यांच्या पावलावर माझं पाऊल ठेवलं,
हळूच दाबलं.
ते रिकाम्या गल्लीकडे बघत राहिले.
"मामू," शेवटी मीच म्हटलं, "दाबलाय मी."
त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
"हौ," म्हणाले, "म्हैस जाऊ दे. मग सोड."