बैठक

टोलेडोत जानेवारीत गॅरेजचं दार अर्धंच उघडायचं असतं,
नाहीतर हीटर लावून उपयोग काय, असं स्टॅन वोयचिक म्हणतो.
एकतीस वर्षं जीपच्या कारखान्यात वेल्डिंग केलेला माणूस,
माझ्यासारख्या हिशेबनिसाच्या हातात ग्राइंडर देताना
एकदाच विचारतो : नक्की?

चेसिस कापायची होती.
मागच्या ॲक्सलला वर सरकायला जागा हवी
म्हणून पोलादात एक अर्धचंद्र.
मी दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा.
आकड्यांवर माझा विश्वास आहे, स्वतःवर बेताचाच.
ठिणग्या उडाल्या
आणि ब्याण्णव सालचा तो शेव्हरोले ट्रक
कुणाला परत विकता येणार नाही इतका माझा झाला.

बोनेटखाली सहाशे अश्वशक्ती. ती आधीची,
कर्ज काढून आणलेली.
सिग्नल हिरवा झाला की मागची चाकं जागच्या जागी धुमसायची
आणि कोपऱ्यावरची पोरं टाळ्या पिटायची.
पण पाटे जुने, ताठ.
रेल्वे फाटक ओलांडताना
माझे दात माझ्याच तोंडात परके व्हायचे.

पाटे काढून फरशीवर ठेवले,
लांब, मध्यम, आखूड, फोटोला बसवलेल्या भावंडांसारखे.
त्यांच्या जागी रबराच्या पिशव्या.
पुढेही दोन, म्हणजे चार.
आत काय, तर हवा.
हेमलतानं बिल वाचलं, चष्मा काढला :
एवढे डॉलर हवेचे?
बार्शीत लोक फुकटात हवा करायचे.

दोन कॉम्प्रेसर, पाच गॅलनची टाकी,
चेसिसच्या कडेनं बांधत नेलेल्या निळ्या नळ्या.
तीन शनिवार गेले. एक बोट चिरलं.
चौथ्या शनिवारी रात्री बटण दाबलं
तर ट्रक उठला,
गाय उठते तसा, आधी मागून, मग पुढून.
पुन्हा दाबलं. सुस्कारा सोडून खाली बसला,
पार फरशीला पोट टेकवून.
मग मला थांबवेना.
उठ. बस. उठ.
तालमीतल्या वस्तादासारखा स्टॅन बैठका मोजत होता, पोलिशमध्ये.
स्वयंपाकघराच्या दारातून हेमलता म्हणाली,
सहाशे घोडे, आणि बसतोय उंटासारखा.

सकाळी सहा. शून्याखाली, तेही फॅरनहाइटमध्ये.
डावा मागचा कोपरा खाली गेलेला,
बाकीचे तीन उभे.
रात्रभर कुणाची तरी वाट पाहून
ट्रक एका कुशीवर कलंडला होता.

कुठे? पिशवीत? नळीला?
की व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरला?
जॅक लावला, खाली ठोकळे सरकवले, टाकी पुन्हा भरली.
भांड्यांचा साबण बादलीत कालवून
कोटासकट आत शिरलो
आणि रंगाच्या ब्रशनं जोडाजोडाला फेस लावत गेलो.

नानांच्या दुकानातलं घमेलं.
त्यातलं पाणी कायम काळं.
हवा भरलेली ट्यूब वीतवीत बुडवत जायचे,
बुडबुडा आला की बोलायचे नाहीत,
नुसतं त्यावर बोट ठेवायचे.
गिऱ्हाइकाला तेवढ्यात कळायचं, आठ आणे.
मला हे काम येऊ नये
म्हणून त्यांनी मला कॉमर्सला घातलं.

स्टॅनचे सगळे सांधे कोरडे, चोख.
फेस फुगला तो माझ्या जोडावर,
मी आवळलेल्या, मीच ठीक म्हटलेल्या.
मोहरीएवढा बुडबुडा,
फुटला, परत आला,
फुटला.

मी बोट ठेवलं.
बाहेर स्टॅनचे बूट दिसले, बर्फ लागलेले.
सापडलं का?
लगेच बोललो नाही.
गारठ्यानं बोटाला काही कळत नव्हतं
तरी खालून काहीतरी ढकलत होतं, बारीक, हट्टी.

पाना दे, म्हणालो,
मराठीत, हे मागाहून लक्षात आलं.
त्यानं आत सरकवला तो पाना
एक माप मोठा होता.