डावा खांदा

नऊ वर्षं तो मी डाव्या खांद्यावर वागवला.
दोन किलो सातशे,
आणि चार्जर वेगळा, विटेएवढा.
अमळनेर, पारोळा, धरणगाव, मंगळवारी चोपडा,
जिनिंगवाल्यांची, खतवाल्यांची,
एका बँडवाल्याचीसुद्धा विवरणपत्रं भरत.
एसटीत एकदा शेजारणीने विचारलं,
"काय वं बहीन, शिलाई मशीन शे का यामा?"

गोलाणी मार्केटातल्या पोराने
नवा दोन बोटांत धरला,
पापड उन्हाला धरून बघावा तसा.
"एक किलो दोनशे, ताई. मांडा शे मांडा!"
मांडा मला सांगू नकोस, मी मनात म्हटलं.
आत्याच्या हातावर कोपरापर्यंत वाढायचा तो,
खापरावर पडेपर्यंत
लग्नघर श्वास धरून बसायचं.
याला कोणी हातावर वाढवलंय, कोणास ठाऊक.

बत्तीस हजार नऊशे नव्वद.
बॅटरी तो आठ तास म्हणतो, मी पाच धरते.
पाच म्हणजे चोपड्याची दुपारची लाइट गेली
तरी कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.
हे मोठंच आहे.
हे एकच असतं तरी मी घेतला असता,
असं वाटतं, आणि मग भोकं मोजते.
दोन.
सहीची किल्ली, माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह.
चार पाहुणे, दोन पाट.

पडदा दुकानात झकास.
पण मी बसते ओट्यावर, मे महिन्यात,
जिथे चव्वेचाळीस अंश सावलीतच असतात.
पदर डोक्यावरून पुढे ओढून
जुन्या फोटोग्राफरसारखं आत शिरावं लागेल
एक शून्य शोधायला.

"आवाज बघा, अजिबात नाही. पंखाच नाही!"
जुना गिरणीसारखा घरघरतो.
गिऱ्हाइकाला कळतं, काम चाललंय.
हा गप्प बसून करणार सगळं,
आणि भिकनशेठ म्हणणार,
"आपोआप तं व्हयनं. पैसा कसाना?"

"मेमरी वाढवता येते?"
"नाही ताई, डाख लावलेली असते."
जन्मताना जेवढी अक्कल, तेवढ्यावरच आयुष्य.
मला स्टँडमागचा युसुफ पिंजारी आठवला.
जुन्याला त्याने चारदा उघडलं.
एकदा आतून कापूस काढला,
समईची एक वात होईल एवढा,
आणि हसला, "आजोबा हेच करायचे माझे.
फक्त त्यांच्याकडे गाद्या यायच्या."
मी नवा उलटा करून पाहिला.
पोटाला एकही स्क्रू नाही.
युसुफसमोर हा ठेवला
तर तो चहा मागवेल, आणखी काय करणार?

"पिशवीत घालून चालून बघू?"
पोरगा गोंधळला. मालक मान हलवून म्हणाला, "चाला."
मी जिन्यापर्यंत गेले. परत आले.
मधे एकदा थांबून पिशवीत हात घातला,
आहे ना, बघायला.
काचेत एक बाई येताना दिसली,
दोन्ही खांदे सारखे असलेली.
कोणीतरी ओळखीची वाटली,
कॉलेजातली असावी.

घेतला.

संध्याकाळी ब्लाउजचं कापड घेऊन
शकुंतला शिंप्यांकडे गेले.
माझा डावा खांदा त्या नेहमी
अर्धा इंच खाली कापतात,
कधी बोलल्या नाहीत, मीही नाही.
आज फीत लावून त्यांनी पिशवीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"हे माप आता बदलू का गं?"

मी म्हटलं, बदला.
पण आतून थोडी माया ठेवा.
वॉरंटी एकच वर्षाची आहे.