शितावरून

दोन दिवस, तीन उपनगरं, भाड्याची गाडी.
मागच्या सीटवर चार वर्षांची नोएमी,
तिच्या मांडीवर एका कानाचा ससा.
तलसा सोडून क्लीव्हलंडला यायचं ठरलं वेन्डेलच्या नोकरीमुळे.
राहायचं कुठे, ते माझ्यावर.

घरं दाखवणारी लॉरेन बोलकी.
तळघरातली ओल, छपराचं वय, भट्टी कधी बदलली,
न विचारता सगळं सांगते.
मी म्हटलं, या रस्त्यावर कोण कोण राहतं?
आमच्यासारखं कुणी?
तर एकदम मूग गिळले तिने.
म्हणाली, हे सांगायला मला कायद्याने बंदी आहे.

चांगला कायदा आहे. तो यायच्या आधी
माझ्या आजोबांना नकाशावरच्या एका लाल रेघेच्या आत
कोंडून ठेवलं होतं. मला कळतं.
तरी विचारलं.

मग किल्ली फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता,
लॉरेन म्हणाली,
शनिवारी बागेत जाऊन बसा.

बसले.

पहिल्या बागेत घसरगुंडी तीन मजली, खाली मऊ रबर.
सगळे हसून बोलले. जरा जास्तच हसून.
एकीने विचारलं, मूळच्या कुठल्या?
तलसाच्या.
नाही, म्हणजे…
आणि वाक्य तिथेच टाकून ती मुलाचं नाक पुसायला गेली.

दुसऱ्या गावच्या वाचनालयात
चार भाषांत स्वागत, रंगीत कागदावर.
खाली फोन नंबरांच्या चिठ्ठ्या कातरून ठेवलेल्या,
एकही फाडलेली नाही.

तिसरीकडे दुपार झाली.
दुकानात केळफळांच्या शेजारी बीटाचं लोणचं,
बालवाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या खुंट्यांवर
पाव्लो, इमान, ट्रेव्हर, सिओमारा.
शाळेला दहापैकी पाच गुण. मागे मालगाड्यांचं यार्ड.
बागेतला एक झोका तुटका,
आणि फाटकाशी दोन बायका गाडी लावण्यावरून
तावातावाने भांडत होत्या, एकमेकींना नावाने हाका मारून.
मला उगाच बरं वाटलं.
असं भांडायला ओळख लागते.

तोवर लक्षात आलं, मी मोजतेय.
सुटे पैसे मोजावेत तशी माणसांची तोंडं,
मुलं वेगळी, आजोबा वेगळे.
लाज वाटली. थांबले नाही.

समोरच्या बाकावर हिरवा रुमाल बांधलेली एक बाई.
तिचे ओठ हलत होते.
नजर झोक्यावरून घसरगुंडीवर, तिथून नोएमीवर,
तिथून माझ्यावर.
माझ्यापाशी येऊन अडखळली.
मी तिला आधीच इथली धरून टाकली होती.

ती उठून आली. पोरगं काखेत.
इथे कसं आहे हो? तिने विचारलं.
मी म्हटलं, मी तुम्हालाच विचारणार होते.
सागल तिचं नाव. मिनेसोटातून आलेली, गुरुवारी.
तिलाही कुणीतरी सांगितलं होतं,
बागेत जाऊन बसा.
आम्ही इतक्या हसलो की भांडणाऱ्या दोघी गप्प झाल्या.

रात्री हॉटेलात कळलं, ससा राहिला.
पहिल्या बागेत. आणि बाहेर पाऊस.
नोएमी झोपली नाही, म्हणून कुणीच नाही.

सकाळी जाऊन पाहिलं तर
कुंपणाच्या खुंटाला प्लास्टिकची पिशवी,
दोन गाठी मारून बांधलेली,
आत ससा, कोरडा, बसवलेला.
कुणी, ते कळायला मार्ग नाही.
ती नाक पुसणारीसुद्धा असेल.
वेन्डेल म्हणाला, मग आता?
मी पिशवीची गाठ सोडत राहिले,
घट्ट होती.

नोएमीला हेच गाव हवंय. तीन मजल्यांसाठी.
आम्ही तिसरीकडचं घेतलं, वरचा मजला,
एका वर्षाच्या करारावर.
बरोबर केलं का, माहीत नाही.
पिशवी घडी घालून स्वयंपाकघराच्या खणात ठेवलीय,
फेकवली नाही.

काल सागलचा निरोप आला:
तुमच्या गल्लीत एक घर पाहतेय.
छपराचं वय विचारू का?