बरणी क्रमांक एक्केचाळीस

पहिल्याच तासाला शेवाळे मॅडम म्हणाल्या,
समुद्र पश्चिमेला आहे, घाट उतरून गेलं की फार लांब नाही.
आणि आपली नदी बघा,
त्याच्याकडे पाठ करून निघाली पूर्वेला.
आम्ही नऊजण हसलो.
मग त्यांनी खिडकीतून पांडवलेण्याचा डोंगर दाखवला.
हा सगळा लाव्हा. थरावर थर.
यात एक शिंपला सापडला तर आणून द्या,
मी राजीनामा देते.

कापडणीस काका अजून जिन्यात अडवून विचारतात,
काय गं, रामकुंडात देवमासा आला का?
वडील प्रेसमध्ये. जन्मभर तिकिटं छापली.
एकदा शंखांची मालिका होती म्हणे,
गुलाबी जमेना, चारदा शाई बदलली.
समुद्र त्यांना तेवढाच माहीत.
आई काही विचारत नाही.
ती ज्या पानावर संकष्टी बघते
त्याच पानावर, अष्टमीच्या चौकटीत,
मी पेन्सिलीने बारीक लिहून ठेवते: भांग.

रविवारी भद्रकालीत रुक्साना खाला बर्फ फोडत असते.
रात्रभर कसारा चढून आलेला बर्फ.
कुणी घेत नाही ते ती माझ्यासाठी बाजूला काढते:
कल्ल्याला चिकटलेला किडा,
कोळंबीच्या ढिगात चुकून आलेलं
नखाएवढं माकूल.
याचे काय पैसे घेऊ, म्हणते, कचराच तर आहे.
परतताना सिटी बसमध्ये
माझ्या शेजारची जागा रिकामी राहते.

लॅबमध्ये निवृत्ती गांगुर्डे.
सव्वीस वर्षं तेच फॉर्मलिन.
पातळी उतरली की भरायची,
झाकणाला व्हॅसलीनचं बोट फिरवायचं,
डोळे झोंबले की बाहेर व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं.
बरण्यांमध्ये सगळ्यांचा रंग एकच झालेला,
भिजलेल्या पुठ्ठ्याचा.
एक्केचाळीस नंबरात समुद्रफूल.
नावातच काय ते फूल.
दिसायला टाचेच्या घट्ट्यासारखं, वर एक चुणी.
परीक्षेत घंटी वाजते, दोन मिनिटं,
पुढची बरणी.
मी दर वेळी बरोबर लिहिलं:
संघ, वर्ग, ओळखण्याची खूण.
दोनपैकी दोन.

मग पौषातली अमावास्या, हर्णै,
पहाटेची ओहोटी.
हातात टॉर्च, चपला गळ्यात बांधलेल्या,
पायाखाली कातळ, काळा, ओळखीचा.
आमचाच डोंगर इथवर खाली उतरून आलेला,
आणि त्याच्या अंगभर शिंपले.
मॅडम, राजीनामा! अंधारात कुणीतरी ओरडलं.
त्या हसल्या असाव्यात. लाटेत कळलं नाही.

ओंजळभर डबक्यात मला काहीतरी दिसलं.
हिरवं, कडेकडेने जांभळं,
शंभरेक बोटं, पाणी जाईल तिकडे जाणारी,
घाई नसलेली.
मॅडम, हे काय आहे?
त्यांनी सांगितलं नाही. टॉर्च मात्र धरून राहिल्या.
मी करंगळी बुडवली
तर त्याने धरली.
मांजराची जीभ असते तसं, खरबरीत.
पटकन सोडवून घेतली.
तेव्हा ते मिटलं. आत आत गेलं सगळं,
एक गोळा राहिला, वर एक चुणी.
आणि मिटल्यावर मी ओळखलं.

सोमवारी गांगुर्डेंना सांगितलं.
त्यांनी हातमोजे काढले,
कपाटातून एक्केचाळीस उतरवली,
खिडकीपाशी नेऊन
डोंगराच्या उजेडात धरली.
हे उघडतं?
मी हाताची बोटं पसरून दाखवली. अशी. पाण्याबरोबर.
ते माझ्या हाताकडे बघत राहिले, मग बरणीकडे.
मला वाटायचं, ते म्हणाले, हे असंच असतं.

मग बरणी जागेवर ठेवली.
झाकण लावलं,
रोजच्यापेक्षा जरा सैल.