ओहोटीचं वेळापत्रक

कोर्मेच्या खडकांवर उतरताना
दोर कमरेला, अगदी खाली, आवळून बांधतात,
लाट आलीच तर वरच्याला खेचता यावं म्हणून.
तो बरोबर तिथेच बसतो
जिथून ब्राइसला बाहेर काढलं.

वर दोर धरून दोसिंदा, माझी सासू.
तीन बाळंतपणं, तिन्ही घरी,
आणि मत एकच: टाके म्हटले की टोचणारच.

नवव्या दिवशी मात्र तीच म्हणाली होती, ऊठ, गाडीत बस.
वण लालभडक, हाताला तव्यासारखा लागणारा,
कपड्यावर पिवळा ओला डाग, त्याला वास,
आणि भर ऑगस्टमध्ये मला हुडहुडी.
ताप स्वतःच बोलतो, कुणाला विचारावं लागत नाही.
दहा दिवस गोळ्या. मिटलं.
म्हणजे मिटलं असं सगळ्यांनी ठरवलं. मीही.

मग पाळी परत आली,
आणि वणाच्या डाव्या टोकाला एक वाटाणा.

गाठींचं मला कळतं.
ओल्या हातांनी, डोळे मिटून मारते, सोडवते.
ही सुटेना.
चार दिवस ठणकायची, मग मऊ पडायची,
आणि मी म्हणायचे, गेली.

शिआन आयर्लंडच्या बाजूला जहाजावर.
फोनवर विचारायचा, दुखतंय का?
मी म्हणायचे, इथे पाऊस पडतोय.

फ्रिजवर ओहोटीचा तक्ता असतो,
पाणी कधी उतरणार, किती उतरणार,
खडकांवरची पेर्सेबेस किती वेळ उघडी पडणार.
एप्रिलपासून त्यावर पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या.
मे, जून, जुलै.
अमावास्या-पौर्णिमा आपल्या वाटेने,
रेघा आपल्या वाटेने.
समुद्राशी काही जुळेना.
माझ्याशी जुळत होतं.

नोव्हेंबरात दोर आवळला
आणि डोळ्यांपुढे काजवे.
हात सुटला नाही.
सुटला असता.

तक्ता घडी घालून सुईणीकडे नेला, उशियाकडे.
वाटलं, हसेल.
तिने आधी बोटं नळाखाली गरम केली.
इथे?
हो, पण आज बरी आहे.
बरी आहे म्हणूनच तू घरी बसत होतीस, ती म्हणाली,
आणि रेघा मोजत राहिली, ओठ हलवत.
जो वण महिना मोजतो तो दाखवायचा, सबेला.
गर्भाशयाचं अस्तर कधी टाक्यात राहून जातं,
तिथे बसून आपली पाळी पाळतं.
असेल, नसेल. सोनोग्राफीत बघू.
मग चष्मा काढून, हळूच:
आणि नवऱ्याबरोबर? तेव्हा दुखतं?
मी छताकडे पाहिलं.
तेही सांगायचं असतं, ती म्हणाली, आणि लिहून घेतलं.

इतके दिवस का थांबलीस, हे तिने विचारलं नाही.
त्याचं उत्तर मी तयार करून नेलं होतं.
तसंच परत आणलं.

तारीख मिळाली कोरुन्याची,
एकवीस डिसेंबर, सकाळी नऊ चाळीस.
तक्त्यात पाहिलं: महिन्यातली सगळ्यात खोल ओहोटी.
नाताळाआधीची. दर तिप्पट.
ब्राइसचे बूट, हीटरचं बिल, सगळं त्या दोन तासांत.

दोसिंदानेही पाहिलं. चष्मा लावून, बोट ठेवून.
बराच वेळ बटाटे सोलत होती.
मग म्हणाली, मलाही होतं. तिसऱ्यानंतर.
खालच्या बाजूला. पायऱ्या चढताना.
किती दिवस?
सुरी थांबली. हिशेब केला.
अकरा वर्षं.
मग?
मग काय. चढले.

एकवीसला पहाटे मी खाली आले
तर दोराचं वेटोळं खिळ्यालाच,
आणि ती गाडीत जाऊन बसलेली,
लग्नाकार्याचा कोट, मांडीवर पर्स, कडेवर झोपलेला ब्राइस.
तिथे गाडी लावायला पैसे पडतात का, तिने विचारलं.
पडतात.
सुटे घेतलेत, ती म्हणाली. चल.