चढावरची मोजणी

सकाळी सहाला स्टूल मांडते
न्याबारोंगोच्या पुलापासून तिसऱ्या वळणावर,
निलगिरीच्या सावलीत. सावली अजून यायचीय.
दरीत धुकं. त्यातून आधी आवाज येतो,
बऱ्याच वेळाने ट्रक.

गुडघ्यावर मंत्रालयाचा तक्ता:
मोटारसायकल, मोटार, मिनीबस, हलका ट्रक, जड ट्रक.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
दिवसाचे पाच हजार फ्रँक,
जेवण आपलं आपण.

किगालीच्या प्रशिक्षणात तो तरुण म्हणाला होता,
न्सेंगियुम्वा, चष्मा सारखा घसरायचा,
"मादाम, देशातल्या रस्त्यांवर धूर किती
हेच ठाऊक नसेल, तर कमी काय करणार?"
पटलं मला. माप घेतल्याशिवाय
शिंपीही कात्रीला हात लावत नाही.
मग त्याने पडद्यावर एक रेघ दाखवली,
आजपासून निघून दोन हजार पन्नासपर्यंत
खाली खाली गेलेली.
सगळे माना डोलवत होते.
मी बघत होते, एवढ्या उतारावर
एकही वळण कसं नाही.

नऊपर्यंत चौसष्ट मोटारसायकली.
त्यांतल्या बॅटरीवाल्या ओळखायला कान लागतात.
त्या येतात तेव्हा काहीच येत नाही,
नुसती टायरखालची खडी बोलते.
माझ्या दिराने घेतलीय एक, एवारिस्तने, हप्त्यावर.
गाडी झकास, म्हणतो,
पण बॅटरी बदलायचं शेवटचं ठाणं मुहांगात.
त्यामुळे हल्ली त्याचं जग
मुहांगाला संपतं.
पलीकडे त्याची सासुरवाडी आहे.
त्याचं त्याला फारसं दुःख दिसत नाही.

साडेदहाला जड ट्रक आला,
आणि ट्रकच्या शेपटाला तीन सायकली.
कॅरिअरवर सिमेंटची पोती,
एक हात हँडलवर, एक फळीच्या कडीत,
पाय पेडलवर नुसते ठेवलेले.
पोलिसाने पाहिलं तर दंड,
कडी सुटली तर त्याहून जास्त.
पण चढ नऊ किलोमीटर आहे
आणि माणसाला गुडघे दोनच.

तक्त्यात सायकलीला रकाना नाही.
धूर नाही, तर नोंद नाही.
ट्रकची रेघ ओढली, आणि हात अडला.
हे तिघे कोणाच्या खात्यावर?
डिझेल थोडं त्यांनीही जाळलं,
एका हाताच्या ओढीइतकं.
की मागे उतरताना ब्रेकवर, चपलेच्या टाचेवर
त्यांनी ते केव्हाच फेडलंय?

तिसरा सायकलवाला माझा नवरा होता.
मला हात करायला त्याच्याकडे हात नव्हता.
भुवया उंचावल्या फक्त,
आणि काळ्या धुरात, खोकत,
वळणाआड गेला.

नाव लिहावं तर सरकारी कागदावर
घरचा गुन्हा.
न लिहावं तर मी कसली मोजणारी!
मग समासात, जिथे काही लिहायचं नसतं,
बारीक रेघा ओढल्या: एक, दोन, तीन.
सूर्य मावळेपर्यंत त्या एकशे सात झाल्या.
पाचवी आडवी घातली नाही.
ही माणसं सुटी सुटी राहू द्यावीत, वाटलं.

तीन आठवड्यांनी न्सेंगियुम्वाचा फोन.
आकडे छान जुळलेत, म्हणाला,
सगळं मशीनमध्ये भरून झालं.
"फक्त समासात काहीतरी आहे, मादाम.
डाग समजून पुसणार होतो,
पण डाग असे ओळीने बसत नाहीत."

मी त्याला ट्रक सांगितला, कडी सांगितली, पोती सांगितली.
नवरा सांगितला नाही.
पलीकडे तो गप्प. मग किल्ल्या दाबल्याचा आवाज.
नवा रकाना उघडत असावा बिचारा.
"वाहन: सायकल," तो पुटपुटला.
"आणि मादाम, इंधन कोणतं लिहू?"

खिडकीबाहेर अंधार पडला होता,
घाटात ट्रकचे दिवे वर चढत होते.
थांबा, म्हटलं,
विचारून सांगते.
तो अजून घरी यायचाय.