अकरा मिनिटं, चाळीस सेकंद

अमळनेरला, कोर्टाच्या फाटकासमोर,
माझ्या पाटीवरच्या 'नोटरी'तला 'ट' कधीच उडाला आहे.
तरी लोक येतात.
विमलबाई बागूल आल्या मंगळवारी,
भाच्याने छापून दिलेली सात पानं घेऊन.
शेवटच्या पानावर प्रिंटरची शाई संपत आलेली,
म्हणजे नेमक्या अटी फिकट.

मी वाचून दाखवलं.
सन अठ्ठ्याहत्तर, श्रावण, बोरीकाठचं गाव.
कानबाईच्या रात्री एक गोरा पाहुणा मशीन घेऊन आला होता.
सगळे त्याला डॉक्टर म्हणत,
म्हणून झिपरूबाबाने त्याला गुडघाही दाखवला.
त्याने गाणी भरून नेली.
हिवाळ्यात दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात
अशा एका शहरात ती आता लोखंडी कपाटात आहेत,
ठरावीक थंडीत, ठरावीक कोरड्या हवेत.

नोंदीत लिहिलंय :
गायिका अज्ञात, सोबत सहा बाया.
गाणं पारंपरिक, म्हणजे कुणाचंच नाही.
ध्वनिमुद्रण मात्र विद्यापीठाचं.
इथून बटण दाबलं की पाटी येते :
आपल्या देशातून हे ऐकण्याची परवानगी नाही.
वाद झाल्यास न्यायालय तिकडचं.

"संमतीपत्र आहे त्यांच्याकडे," मी म्हणालो.
इंग्रजी कागद, खाली अंगठा,
ठशाभोवती पांढरट कण.
बाईंनी चष्मा कपाळावर सारला, कागद नाकाशी आणला.
"कळणानं पीठ शे. मनी मायनाच आंगठा."

तीस वर्षं झाली मला कायद्याची पुस्तकं उघडून मिटून.
गाणाऱ्याचा हक्क, भरणाऱ्याचा, साठवणाऱ्याचा,
देशादेशांतले करार, त्यांच्या पोटकलमांची पोटं.
रकाना चार : मूळ निर्माता.
"काय लिहू?"
"कानबाई लिखा."
रकाना पाच : निर्मात्याचा सध्याचा पत्ता.
त्या खळखळून हसल्या.
"तिले ते आम्ही नदीमा शिराई येतस!"

मग मी विचारलं, गाणं तुम्हाला येत नाही का?
येतं. दर श्रावणात म्हणतात,
तिकडच्या कपाटापेक्षा चार कडवी जास्तच.
"गानं नको माले."
बोट ठेवलं यादीतल्या एका ओळीवर.
कुणा दूरच्या, मन लावून काम करणाऱ्या माणसाने
तिकडच्या भाषेत टिपलेली,
भाच्याने पेन्सिलीने मराठीत उतरवलेली :
*११ मिनिटं ४० सेकंद. व्यत्यय.
गायिका मध्येच थांबून कुणावर तरी ओरडते. इमल (?). दूध (?).*

"इमल म्हणजे मी.
नऊ वरीसनी व्हतू. दूध उतू गयं, आन् मार खादा."
माय त्याच पौषात गेली.
फोटो काढायचा राहिला.

रकाना नऊ : मागणीचा उद्देश.
संशोधन. अध्यापन. व्यापार.
यांपैकी एकावर खूण करा.
मी पेन उचललं, टोपण लावलं, परत काढलं.
बाहेर कुणाची तरी तारीख पुकारत होते.

शेवटी जे येतं तेच केलं.
स्टॅम्पपेपर मशीनला लावला :
*मी, विमल भिला बागूल, वय वर्षे छप्पन्न,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
आधार कार्डावरील विमल आणि ध्वनिफितीतील इमल
या भिन्न नसून एकच व्यक्ती आहे.*
शिक्का मारला. फी निम्मी घेतली.
पाकीट मीच चिकटवलं.

"पोचाले किती दिन लागतीन?"
"महिनाभर. उत्तराचं सांगता येत नाही."
त्या उठल्या, पदर सारखा केला,
उंबऱ्यावर चप्पल शोधता शोधता थांबल्या.
"भाऊ, त्यामा अजून एक लिखा,
मंग चूल मीच पुशी व्हती."

ओला डिंक बोटाला लागला.
पाकीट उघडलं मी,
आणि प्रतिज्ञापत्राला
कलम दोन जोडलं.